कीटण काढणाऱ्या सोहोनीबाई

सोहोनीबाईंकडे मी कामाला लागलो, त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी मला तोंड उघडायला लावलं.

मी कवळ्या करणारा माणूस. प्लॅस्टरचा ठसा, मेणाचा साचा आणि घासकाम एवढंच मला येतं, ते मी मिरजेत शिकलो होतो. सांगलीत बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत आणि त्यांना माणूस हवा आहे असं कळलं, म्हणून गेलो. पांढरं लुगडं, वर पांढरा कोट, केस घट्ट मागे बांधलेले. वय चाळिशीच्या आतबाहेर. बॅटरी माझ्या तोंडात मारून त्या म्हणाल्या, "साफ करून किती वर्षं झाली?"

"रोज घासतो की."

"घासता ते कळलं. साफ कधी करून घेतले?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी सुस्कारा सोडला. तो सुस्कारा पुढे आठ वर्षं मी रोज किमान वीस वेळा ऐकला. "मेस्त्री, अहो तुम्ही या धंद्यातले. तुम्हालाच माहीत नसेल तर त्या बिचाऱ्यांना मी काय सांगू?" असं म्हणून त्यांनी मला तिथंच खुर्चीत बसवलं आणि तास-दीड तास माझं कीटण काढलं. पगाराचं बोलणं त्यानंतर झालं. तेव्हा माझी जीभ सारखी दातांच्या मागे फिरत होती, त्यामुळे मी कशाला हो म्हटलं ते मला नीट आठवत नाही.

या बाई मूळच्या कुठल्या, सांगलीत एकट्या का राहिल्या, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांना बोलायला एकच विषय होता. दातावर रोज एक चिकट थर बसतो, तो घासून जातो. राहिला तर त्याचा दगड होतो, तेच कीटण. दगड झाल्यावर ब्रश, दातवण, राख, मीठ, कशानंही निघत नाही. तो हिरडीच्या खाली उतरतो, हिरडी सुजते, रक्त येतं, आतलं हाड झिजतं आणि धडधाकट दात एक दिवस हातात येतो. म्हणून वर्षातून एकदोनदा डॉक्टरकडून तो दगड काढून घ्यायचा. एवढंच. ही पाच-सहा वाक्यं सांगण्यात त्यांचं आयुष्य चाललं होतं आणि ऐकणारा माणूस पहिल्या वाक्यालाच "ते राहू द्या, दाढ काढा" म्हणायचा.

दाढ काढायला मात्र त्यांचा हात पुढे येत नसे. लोक दात काढून घ्यायला यायचे आणि या बाई तो वाचवायला बसायच्या. खालच्या पेठेत एक जण पाच मिनिटांत दात उपटून द्यायचा, त्याच्याकडे रांग असायची. आमच्या माडीवर एक माणूस खुर्चीत आणि दोन जण बाकावर चुळबुळत. एकदा मी म्हणालो, "बाई, असेच सगळ्यांचे दात राहिले तर मी कवळ्या कुणाच्या करायच्या?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या हयातीत ती वेळ येत नाही. निवांत राहा."

त्यांची हत्यारं साधी होती. वाकड्या टोकाच्या पोलादी सळ्या, त्या स्टोव्हवर उकळायच्या, आणि शेवटी पॉलिश करायला पायानं चालवायचं यंत्र. सगळं मनगटाच्या जोरावर. काढलेलं कीटण त्या पांढऱ्या कागदावर जमा करत आणि माणूस उठला की त्याच्यापुढे धरत. मी शंभर वेळा सांगितलं, बाई, हे दाखवू नका, लोकांना किळस येते. "यायलाच पाहिजे," त्या म्हणायच्या. "त्यांच्या तोंडातलं आहे, माझ्या नाही."

हा कागद एकदा कामाला आला. म्हणजे यायला हवा होता.

कुंडलचे एक सुभेदार होते. फौजेतून नुकतेच निवृत्त झालेले, भरघोस मिशा, चार एकर ऊस. त्यांच्या खालच्या दातांच्या मागे कीटणाची अखंड भिंत होती. बाईंनी दोन दिवसांत ती पाडली. सुभेदार पाच-सहा दिवसांनी जिना दणाणत वर आले.

"डॉक्टरीणबाई, ह्ये काय केलं तुमी? माझ्या दातांत फटी पाडल्या! पानी प्यालो तर हिकडनं तिकडं वारं जातंय."

"फटी मी पाडल्या नाहीत. फटी होत्याच. त्यांत दगड भरला होता, तो काढला."

"मग त्यो दगूड बरा हुता की! थंड पानी तरी लागत न्हवतं."

"चार-आठ दिवस लागेल. मग थांबेल. मी सांगितलं होतं."

"सांगितलं आसंल. पर तवा तुमचा हात माझ्या तोंडात हुता. मी काय म्हननार?"

बाईंनी कपाटातून कागदाची पुडी काढली. सुभेदारांचीच होती, नाव घालून ठेवलेली. उघडून दाखवली. "हे बघा. हा दात नाही. दाताचा एक कणसुद्धा यात नाही. लोक म्हणतात घासल्यानं दात झिजतो, त्याचं वरचं कवच पातळ होतं. यात दाखवा मला दात कुठं आहे."

सुभेदारांनी पुडी खिडकीजवळ नेऊन निरखून पाहिली. मला वाटलं, पटलं. ते म्हणाले, "मग ह्येच परत बसवून द्या."

बाई खुर्चीवर मटकन बसल्या. मग त्यांना काहीतरी सुचलं. उत्साहानं त्या उठल्या आणि म्हणाल्या, "सुभेदार, फौजेत बंदूक रोज साफ करत होता की नाही?"

"व्हय. रोज."

"मग?"

"बंदूक साफ केल्याव सैल होत न्हाई, बाई."

मी आतल्या खोलीत तोंडावर फडकं धरून हसत होतो. बाईंनी ते पाहिलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सुभेदार पुन्हा आले नाहीत. त्यांच्या गावचा एक जण पुढे म्हणाला की आता पाणी लागत नाही, हिरडीतलं रक्तही थांबलंय. पण सुभेदार सांगतात की ते मिठाच्या गुळण्यांनी झालं.

दुसरी आठवण आटपाडीकडच्या एका बाईंची. त्यांचं नाव धोंडूबाई. घरची मेंढरं, अलीकडे थोडी शेती. भावाच्या औषधपाण्यासाठी सांगलीत आल्या होत्या, तेवढ्यात हेही दाखवू म्हणून वर चढल्या. दात मिश्रीनं काळे झालेले, हिरड्या नुसतं बोट लावलं तरी भळभळणाऱ्या.

"दात कशानं घासता?"

"मिसरीनं. पर आता तेबी कवा कवा. घासलं की रगात येतंया, म्हून सोडलं."

इथं बाईंचा तोल गेला. हेच त्या रोज ऐकत होत्या, सावकाराच्या बायकोकडून, हायस्कुलातल्या मास्तरांकडून, वकिलांकडूनसुद्धा. रक्त येतं म्हणून घासायचं सोडलं. "अहो, घाण बसलीय म्हणून रक्त येतं! सोडलं की घाण वाढते, घाण वाढली की रक्त वाढतं. पायाला जखम झाली तर धुवायचं सोडता का?"

धोंडूबाई शांतपणे म्हणाल्या, "पाय दिसतुया न्हवं, बाई. तोंडातलं कोन बघतंया?"

सोहोनीबाईंनी भिंतीवरचा हातभर आरसा खिळ्यावरून काढला आणि धोंडूबाईंच्या हातात दिला. बॅटरी मला धरायला लावली. धोंडूबाईंनी आपलं तोंड आयुष्यात पहिल्यांदाच असं आतून पाहिलं असणार. बराच वेळ पाहत राहिल्या. "आगं बया," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "हे काढल्याव नजर जाती म्हन्त्यात, खरं हाय का?"

"नाही. दातांचा डोळ्यांशी काही संबंध नाही."

"मग काढा."

त्यानंतर बाईंनी डझनभर लहान आरसे आणले आणि खेड्यातून आलेल्या प्रत्येक बाईला एक-एक वाटायला सुरुवात केली. बायका ते आनंदानं नेत. बहुतेक जणी कुंकू लावायला नेत असाव्यात, हे बाईंना सांगायचं धाडस मी केलं नाही.

आणि मग ते दात पांढरे करून द्या म्हणणारे. लग्नाच्या हंगामात असे फार. कीटण काढणं म्हणजे दातांना चुना लावणं असा त्यांचा समज. "दाताचा स्वतःचा रंग पिवळसरच असतो," बाई सांगत. "मी घाण काढते. रंगरंगोटी करत नाही." मग माणूस नाराज होऊन उठे. शालन आमच्याकडे आली ती अशीच, पांढरे दात करून घ्यायला.

शालनचे वडील आनंदराव कुपवाडच्या एका वर्कशॉपात लेथवर काम करायचे. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, सातारच्या एका घरात तिची सुपारी फुटली होती. मुलगा पलटणीत. लग्न वैशाखात. आई तिला घेऊन आली आणि म्हणाली, "फोटूत दात पिवळं दिसत्यात. जरा पांढरं करून द्या."

बाईंनी आत पाहिलं. खालचे पटाशीचे चार दात जणू दगडातच रोवले होते. एवढ्या लहान वयात इतकं मी कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी आईला जवळ बोलावून नीट सांगितलं. हे दात पिवळे नाहीत, आजारी आहेत. आतलं हाड झिजलंय. त्यांना सध्या या दगडानंच धरून ठेवलंय. दगड काढला की ते हलायला लागतील. घाबरायचं नाही. हिरड्या बऱ्या झाल्या की बरेचसे घट्ट होतील. नाही काढला तर दोन-तीन वर्षांत चारही जातील. आई "व्हय व्हय" म्हणत होती. तिचा डोळा खालच्या रस्त्यावर होता, कारण कापडदुकानात तिची बहीण शालू घेऊन ताटकळत उभी होती.

तीन वेळा बोलावून बाईंनी शालनचे दात साफ केले. चौथ्या दिवशी आई रडत आली. "बाई, पोरीचं दात हलाय लागलं! चांगलं दात हुतं, तुमी हलवलं!"

"मी हलवले नाहीत. ते हलतच होते. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"कवा सांगितलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्ष दिली. आईला ती पटली नाही. मग बाईंनी ते चार दात शेजारच्या सुळ्यांना बारीक पोलादी तारेनं बांधले, म्हणजे हिरड्या भरेपर्यंत आधार राहील. काम सुरेख झालं होतं. पण हसताना तार दिसायची. आणि ती दिसली. कापडदुकानातल्या त्या मावशीनं पाहिली, मावशीची नणंद साताऱ्यात. आठ दिवसांत निरोप आला की दात तारेनं बांधलेली मुलगी आम्हाला सांगितली नव्हती.

सांगलीतही बभ्रा झाला. बाकावरची दोन माणसंही येईनाशी झाली. त्याचं बाईंना काही नव्हतं. पण शालनचं लग्न मोडणार हे ऐकल्यावर त्यांनी हत्यारं ठेवली आणि म्हणाल्या, "मेस्त्री, उद्या सकाळची साताऱ्याची गाडी किती वाजता?"

मी हात जोडले. "बाई, तुम्ही जाऊ नका. चिठ्ठी लिहा. आनंदरावांना पाठवा. तुम्ही जाऊ नका."

"चिठ्ठीत त्यांना काय कळणार?"

मीही गेलो, त्यांना आवरायला. गाडीत इस्लामपूरपासून कऱ्हाडपर्यंत मी एकच गोष्ट सांगत होतो. फक्त शालनबद्दल बोला. दुसऱ्या कुणाच्या दातांकडे बघू नका. त्या मान डोलवत होत्या. त्यांच्या पुढच्या सीटवरचा माणूस तंबाखू मळत होता, तेवढ्यात त्याला त्यांनी दोनदा टोकलं.

साताऱ्याच्या त्या घरात आमचं चांगलं स्वागत झालं, हे सांगायला हवं. चहा झाला. मुलाचे वडील बापूराव सभ्य माणूस होते. बाईंनी सुरुवातही छान केली. मुलीला कुठला वंशाचा रोग नाही, आजार वेळेवर सापडलाय, तार चार-सहा महिन्यांत निघेल. बापूराव ऐकत होते. मुलगा रजेवर आलेला, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मला वाटलं, जमतंय.

मग बापूराव म्हणाले, "आवं बाई, पर आमच्या घरात कुनी कवा दात धुऊन घ्याय डॉक्टरकडं गेलं न्हाई. माझं सात दात गेलं, पर आपसूक गेलं. वयानं."

मी बाईंच्या पायावर पाय दिला.

"वय काय तुमचं?"

"अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस! अहो, वयानं तुमचा एक दातही गेलेला नाही. वयानं दात जातच नाहीत. कीटणानं गेले. उरलेलेही जाणार. हा पुढचा आत्ताच हलतोय, तुम्ही बोलताना मी बघतेय. तोंड उघडा जरा."

आतल्या खोलीतल्या बायका दारात आल्या. बापूरावांनी ओठ मिटले ते मिटलेच. बाई उठून उभ्या होत्या, हात पुढे करून, खरोखर काळजीनं. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान करायचा कुठलाही भाव नव्हता. ते मला दिसत होतं. त्या घराला दिसायचं काही कारण नव्हतं.

तेवढ्यात दारातल्या मुलानं विचारलं, "तिला दुखतंय का?"

एवढ्या सगळ्या बोलण्यात शालनबद्दल कुणी हे विचारलं नव्हतं. बाई त्याच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नाही. आता दुखत नाही."

"तू गप," बापूराव म्हणाले. त्यावर बोलणं संपलं.

परतीच्या गाडीत मी बाईंना खूप बोललो. नोकरी गेली तरी चालेल असं ठरवूनच बोललो. लग्न जुळवायला गेलेलं माणूस व्याह्याला तोंड उघड म्हणतं का? तुम्हाला माणूस दिसतच नाही का, नुसते दातच दिसतात? त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कऱ्हाड गेल्यावर म्हणाल्या, "तो दात खरंच हलत होता, मेस्त्री."

सुपारी मोडली. आनंदराव सांगायला आले. ओरडले नाहीत, कामावरून तसेच आले होते, हाताला ग्रीस होतं. "बाई, मोडलं," म्हणाले आणि उभेच राहिले. बाई म्हणाल्या, "आनंदराव, माझं चुकलं. दातांत नाही चुकलं. मी तुमच्या बायकोला सांगितलं, पण त्यांना कळलं का ते बघितलं नाही. तसाच हात घातला." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर त्यांनी नवा नियम काढला आणि माझ्या डोक्याला नवा ताप दिला. सगळं समजावून झालं की माणसानं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. तोवर हात लावायचा नाही. बाकावर माणसं ताटकळत आणि खुर्चीतला शेतकरी शाळेतल्यासारखा उभा राहून म्हणतोय, "दगूड निघाला की थंड लागंल, चार-आठ दिस. फट दिसंल, ती आधीचीच. रगात आलं तरी घासायचं." चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. लोक कंटाळून निघून जायचे. मी चिडायचो. पण तक्रार घेऊन जिना चढणारा माणूस हळूहळू दिसेनासा झाला, हेही खरं.

शालन येत राहिली. आईबरोबर नाही, एकटी. कुपवाडात एका कारखान्यात मालाचं पॅकिंग करण्याचं काम धरलं होतं, सुट्टीच्या दिवशी यायची. सात महिन्यांनी तार काढली तेव्हा चारांतले तीन दात घट्ट होते. चौथा गेला. त्या एका दाताच्या जागी मी खोट्या दाताची पट्टी केली, इतकं मन लावून मी अख्खी कवळीसुद्धा कधी केली नव्हती. दर सहा महिन्यांनी ती साफ करून घ्यायची. दोन-तीन वर्षांनी तिचं मिरजेत लग्न झालं. लग्नानंतर महिन्याभरातच नवऱ्याला घेऊन आली, त्याला खुर्चीत बसवलं आणि बाईंनी तोंड उघडायच्या आधी तिनंच त्याला सगळं सांगायला सुरुवात केली, दगड, फट, थंड पाणी, सगळं. नवरा केविलवाणा होऊन माझ्याकडे बघत होता. बाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. एका ठिकाणी तिचं चुकलं. बाईंनी ते लगेच दुरुस्त केलं.

माझं आठवं वर्ष संपत आलं तशी बाईंच्या मनगटांनी साथ सोडली. सळी धरली की हात थरथरायचा. त्यांनी माडी सोडली आणि वाईला थोरल्या बहिणीकडे गेल्या. जाताना हत्यारं सांगलीतल्या एका नव्या डॉक्टरला देऊन टाकली. मला म्हणाल्या, "मागच्या दाढांकडे लक्ष द्या, तुम्ही तिथं घासत नाही." निरोपाचं एवढंच.

मी स्वतःचं काम सुरू केलं होतं. वाईला एका तरुण डॉक्टरनं दवाखाना घातला होता, त्याच्या कवळ्या माझ्याकडे असायच्या. एकदा दुपारी त्या द्यायला गेलो. पडदा अर्धा सरकवलेला होता. खुर्चीत सोहोनीबाई होत्या. डोकं मागे, तोंड उघडं, गालात कापूस. तरुण डॉक्टरला घाम फुटला होता. त्या बोलू शकत नव्हत्या, पण उजव्या हाताचं बोट वर करून खालच्या डाव्या बाजूकडे दाखवत होत्या.

"झालंय बाई तिथलं," तो म्हणाला.

त्यांनी मान हलवली. बोट तसंच.

तो पुन्हा वाकला. सळी दातावर घासल्याचा बारीक आवाज येत होता. काही वेळानं काहीतरी टचकन निघालं आणि ट्रेमध्ये पडलं. त्यानं ते पाहिलं आणि पुन्हा सळी उचलली.

मी आत जाणार होतो. तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. खुर्चीचा दांडा त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि पाय एकमेकांत अडकवून त्या अवघडून बसल्या होत्या. दुसऱ्यांच्या तोंडात आयुष्य काढलेली ही बाई स्वतः खुर्चीत बसायला घाबरत होती आणि तरी येऊन बसली होती.

मी कवळ्यांचा डबा बाहेरच्या बाकावर ठेवला आणि पडदा हळूच पूर्ण ओढून घेतला.